न जळणारी चुंबळ

समोरच्या गोदामाचे अ‍ॅस्बेस्टॉसचे जुने पत्रे काल उतरवले. कामगारांच्या तोंडाला मास्क होते. आधी पाणी मारून त्यांनी पत्रे भिजवले, धूळ उडू दिली नाही. मी खिडकी लावून घेतली, आणि आईची चुंबळ आठवली.

पंच्याहत्तर-शहात्तरची गोष्ट. बाबा तुमसरला राईस मिलच्या बॉयलरवर होते. वाफेच्या नळांना ते उघड्या हातांनी अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळत. एका संध्याकाळी उरलेली दोरी त्यांनी घरी आणली. पाण्याचा पितळी गुंड डोक्यावर घेताना आईची कापडाची चुंबळ रोज भिजून सडायची, म्हणून ओसरीत बसून त्यांनीच नवी वळली. पांढरी, सावरीच्या कापसासारखी मऊ.

"घे," ते म्हणाले, "हे सडत नाही, जळत नाही. जलमभर पुरन तुले."

आई केवढी लाजली! विहिरीवरून आली की तिच्या केसांत पांढरे तंतू चमकायचे. ते झटकत ती मला हसून विचारायची, "आतापासूनच बुढी झाली का वं मी?"

बुढी ती झालीच नाही. आधी खोकला आला, मग धाप. डॉक्टरांनी धुळीचं विचारलं, तर आम्ही चुलीच्या धुराचं सांगितलं. केस काळे असतानाच ती गेली.

त्यानंतर बाबा ती चुंबळ उशाशी घेऊन निजत. कधी नाकाशी धरून डोळे मिटत, छाती भरून श्वास घेत आणि म्हणत, "तिच्या तेलाचा वास येते अजून."