सायलीच्या नोकरीची चौकशी

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी तोंडातला चहा गिळून घ्या. हा किस्सा ऐकताना आमच्या घरात दोन टेबलक्लॉथ खराब झालेत.

सायली माझी भाची, धाकट्या भावाची मुलगी. नुकतीच नर्सिंग पास झाली आणि एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीतून तिला बोलावणं आलं. ठिकठिकाणच्या रक्तदान शिबिरांना जायचं आणि लोकांचं रक्त घ्यायचं. हो की नाही, ते सोमवारी कळवायचं होतं. भावाचं म्हणणं, नर्सने वॉर्डातच काम करावं, नुसत्या सुया टोचून आणि बिस्किटं वाटून पोरगी शिकलेलं विसरेल. वहिनीला वेगळंच दुःख, रविवारी मुलगी घरात दिसणार नाही. आणि सायली? तिला काम आवडलं होतं, पण पहिलीच नोकरी, पाऊल चुकीचं पडलं तर काय, म्हणून बिचारीची झोप उडाली होती.

आता अशा वेळी घरातलं जाणतं माणूस कोण? अर्थात मी! आमच्या नात्यातली निम्मी लग्नं माझ्या चौकशीवर जमली आहेत आणि एकही मोडलेलं नाही. मी म्हटलं, कागदावर काय कळतंय, मी स्वतः जाऊन बघून येते.

आदल्याच दिवशी, रविवारी, आमच्या मागच्या सोसायटीच्या हॉलमध्ये त्याच रक्तपेढीचं शिबिर होतं. गेले. पण नुसतं उभं राहून नर्सशी बोलणार तरी किती? रांगेतली माणसं बघायला लागली. मग म्हटलं, देऊनच टाकू रक्त. वजनाचा माझ्या बाबतीत प्रश्नच नव्हता. बोटाला टोचून हिमोग्लोबिन बघितलं, तेही पास. थोड्याच वेळात मी खाटेवर आडवी, हातात सुई, मुठीत मऊ चेंडू आणि शेजारी अगदी सायलीच्या वयाची नर्स. रूपाली तिचं नाव.

मी सुरुवात गावापासून केली. चौकशी गावापासूनच सुरू करायची असते, हो की नाही? गाव कुडाळजवळचं निघालं. राहायला कांजूरला. वडील गोदीत होते, आता घरी असतात. धाकटा भाऊ शिकतोय. दिवसभर शिबिरात राबून घरी गेल्यावर स्वयंपाक होतो का, असं विचारलं, तर म्हणाली बांगड्याचं तिखलं मीच करते. मग मी तिला जरा सरळ उभं राहायला सांगून उंचीही बघून घेतली. दिवसभर उभं राहायचं काम, तब्येत नको का बघायला? लग्न झालंय का, कुठे ठरलंय का, तेही विचारलं. रविवारी ड्युटी असली की स्थळं बघायची कधी, ही माझी रास्त शंका होती.

रूपाली गोंधळली. जाऊन मोठ्या सिस्टरांच्या कानाशी लागली. त्या लगबगीने आल्या, खुर्ची ओढून माझ्या उशाशी बसल्या आणि आमच्या घरी कोण कोण असतं ते विचारायला लागल्या. मला वाटलं, बाई फार माणुसकीची. मुलगा काय करतो, असंही त्यांनी विचारलं. आता निनादबद्दल कुणी विचारलं तर मी थांबते होय? ऐरोलीला कंप्युटरच्या कंपनीत आहे, सुपारीचंही व्यसन नाही, मुलुंडला स्वतःचं घर आहे, आणि पानात काहीही वाढा, निमूट खातो. सिस्टरांनी समाधानाने मान डोलावली आणि रूपाली नको नको म्हणत असताना सरळ व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर रूपालीची आई, घाईघाईने केसांवरून हात फिरवत.

मी तर भारावून गेले. चौकशीला आलेल्याला थेट पालकांशी बोलायला देतात! असा कारभार कुठे बघायला मिळतो? मी त्यांना विचारलं, मुलगी दिवसभर बाहेर, तुम्हाला काळजी नाही वाटत?

"तुमच्यासारकी मायाळू माणसां असल्यार आमका कसली काळजी," त्या म्हणाल्या. "येत्या रविवारी आमी येतव. झिलाक तेवडो घराक ऱ्हवाक सांगा."

माझ्या मुलाने घरी कशाला थांबायचं, ते मला कळेना. तेवढ्यात रूपालीने फोन हातात घेतला, सोफ्यावरच्या पाहुण्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "काकू, तुम्ही मला बघायला आलात हे तुमच्या मुलाला माहितीये का?"

वाट लागली! उठून पळावं, तर हाताला नळी. पिशवी अजून अर्धीच. मी चेंडू असा काही दाबत सुटले की उरलेली पिशवी भराभर भरली. दाबता दाबता सगळं सांगितलं, की अहो, मी भाचीच्या नोकरीची चौकशी करायला आलेय.

"मग माझी उंची कशाला बघितलीत?" रूपाली म्हणाली.

हाताला चिकटपट्टी लागताच मी बिस्किटंही न घेता घर गाठलं.

घरी सगळे वाटच बघत होते. सायलीने विचारलं, आत्या, पगार किती देतात? रविवारच्या बदल्यात सुट्टी मिळते का? पुढेमागे वॉर्डात घेतात का? मला रूपालीचं गाव सांगता येत होतं, तिखलं सांगता येत होतं. नोकरीबद्दल मी एक अक्षर विचारलं नव्हतं.

"ताई, तू गेली होतीस कशाला?" भाऊ म्हणाला.

निनाद तेवढा आतून डोकावला आणि म्हणाला, "उंची किती आहे?"

शेवटी रूपालीच्या आईने हौसेने दिलेल्या लेकीच्या नंबरवर सायलीनेच फोन लावला. दोघी पोरी गॅलरीत बराच वेळ बोलल्या. पगार, सुट्ट्या, वर्षभराने वॉर्डात बदली मागता येते, सगळं तिने विचारून घेतलं. शिवाय रूपालीने तिला सांगितलं म्हणे, "तुझ्या आत्यांसारखी माणसं आम्हाला रोज भेटतात. त्यांना आडवं ठेवून काम करता आलं, तर तुला कुठलाही वॉर्ड जमेल." सायली आठवड्यात पहिल्यांदा हसली. तिला हसताना बघून मला इतकं बरं वाटलं की मी माझा अपमान विसरले. भावालाही ते पटलं. सोमवारी तिने होकार कळवला.

पहिल्या दिवशी कामावरून आली ती निरोप घेऊनच. एकदा रक्त दिलं की बायकांनी चार महिने पुन्हा द्यायचं नाही, असा नियम आहे म्हणे. माझ्यापुरता तो मोठ्या सिस्टरांनी तहहयात केलाय.