साठावं जॅकेट

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की त्या बाईला मी मनातल्या मनात सॅल्यूट ठोकतो.

भिवंडीत माझी नेमणूक होती. शनिवारी सकाळची हजेरी संपत होती, तेवढ्यात अंजूरकडची एक बाई पोलीस ठाण्यात आली. जवळच्या एका गोदामात ती शिलाईकाम करायची. तिने पिशवीतून नारिंगी लाइफ जॅकेट काढून ठाणे अंमलदाराच्या टेबलावर ठेवलं.

"साहेब, पाण्याचा ड्रम हाय का?"

अंमलदार हसला. मी मागच्या आवारातला ड्रम दाखवला. जॅकेट थोडा वेळ तरंगलं, मग पाणी पिऊन तळाला गेलं. कोणी हसेना.

"आत सोफ्याच्या स्पंजाचे तुकडे हायेत. हे वाकडं झालेलं घरी नेलं, तवा कळलं. हे सोडून अशी साठ मी शिवलीत. काल टेम्पोनं गेली. कुठं, ते ठाव न्हाय."

शनिवार-रविवार म्हणजे किनाऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. डायरीत नोंद करून, पंच घेऊन आम्ही गोदाम गाठलं. मॅनेजर गोडबोल्या होता. "साब, माल एकदम ए-वन है." माल कुठे गेला, हे मात्र त्याला काही केल्या आठवेना. अशा माणसावर ओरडून घसा बसतो, दुसरं काही होत नाही. मी तिथलंच एक जॅकेट त्याच्या अंगावर चढवलं आणि म्हणालो, "चला, कशेळीच्या खाडीत एक डुबकी मारून या. पंच बघतील." फाटकापर्यंतही तो आला नाही. बक्कल सोडत त्याने रायगडातल्या एका किनाऱ्याचं नाव सांगितलं.

तिथल्या ठाण्याला फोन केला. त्यांनी बोटी थांबवल्या, पण तिथे जॅकेट भाड्याने देणाऱ्याने नवी-जुनी सगळी एकत्र केली होती. खराब कोणती, हे ओळखायचं कसं?

"माज्या परत्येकाला बगलेत लाल टाका हाय," बाई म्हणाली. "आमच्यात मासेमारीच्या जाळ्यावर तरंगणाऱ्या बोयाला आपापला धागा बांधतात. हाताला सवयच लागली." आणि न विचारता जीपमध्ये बसली.

दुपारी पोचलो. ढिगातून एकोणसाठ निघाली. एक कमी. आम्ही पावत्या चाळत बसलो, तोवर बाई पदर खोचून पाण्यात शिरली होती. गर्दीपासून लांब, छातीभर पाण्यात, एक बाप मुलीला पोहायला शिकवत होता. "आळशी कुठली, पाय मार," असं तिला दटावत होता. मुलगी आळशी नव्हती, जॅकेट जड झालं होतं. अनोळखी बाईने पोरीला धरलेलं पाहून बाप खेकसला. तिने बगल उलटून टाका दाखवला, बक्कल सोडलं आणि पोरीला कडेवर घेऊन काठावर आली. त्या क्षणी मला तिचा फार अभिमान वाटला.

आता नातवंडांना समुद्रावर नेतो, तेव्हा जॅकेट आधी पाण्यात दाबून धरतो. भाड्याने देणारे वैतागतात. वैतागू देत.

त्या दिवशी संध्याकाळी तिचा जबाब घेतला. मी लिहिलं होतं, 'मालकाच्या सांगण्यावरून सदर जॅकेट शिवली.' वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "मालकाचं मागनं लिवा साहेब. आधी लिवा, मी शिवली."

माझी सगळी नोकरी लोकांकडून 'हे मी केलं' एवढंच एक वाक्य वदवून घेण्यात गेली होती.