गालाला लावलेली किल्ली

आत्याला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, किल्ल्या राहतात. जिन्याखालच्या तिच्या टपरीवर कुणी आलं की ती आधी त्याच्या हातातला जुडगा बघते आणि मग, सवड झालीच तर, नाकडोळे. भाचीनं एकदा आपल्या मित्राची ओळख करून दिली. आत्या त्याच्याशी तासभर गप्पा मारत बसली आणि तो निघताना म्हणाली, "मुलगा गोड आहे हो, पण दात फार झिजलेत." बिचारा आठवडाभर आरशासमोर 'ई' करून उभा राहत होता. आत्या बोलत होती ते त्याच्या स्कूटरच्या किल्लीबद्दल.

आवाज असा की वरच्या मजल्यावर निरोप द्यायला तिला फोन लागत नाही. फुशारकी तर विचारूच नका. "नुसती नजर टाकली तरी किल्ली घडवीन," हे वाक्य तिनं इतक्यांदा ऐकवलंय की तिनं तोंड उघडलं की शेजारचा घड्याळवालाच ते पूर्ण करतो. पण हात सोन्याचा, आणि विश्वास त्याहून मोठा. आजूबाजूची निम्मी घरं आपली जादा किल्ली तिच्याकडे ठेवून निर्धास्त असतात. टपरीच्या मागच्या फळ्यावर त्या ओळीनं लटकलेल्या असतात, प्रत्येकीला चिठ्ठी: 'दुसरा मजला, डावीकडचं दार.'

तर अशा या आत्याच्या भाचीनं, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीनं, स्वतःच्या कमाईतून छोटंसं घर घेतलं. घेतलं ते घेतलं, वर दारात उभं राहून फोटो काढला: किल्ली गालाला लावलेली, डोळे मिटलेले, मागे दारावर घराचा पत्ता ठळक. फोटो साऱ्या जगाला दिसेल असा टाकला आणि खाली लिहिलं, 'अखेर माझं घर! उद्यापासून आठवडाभर भटकंती!'

बघून आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं तडक फोन लावला.

"अगं कार्टे, घर घेतलंस की चोरांना आमंत्रण दिलंस? पत्ता दिलास, घरी नसण्याचे दिवस दिलेस, वर किल्लीही दिलीस!"

"आत्या, किल्ली माझ्या पर्समध्ये आहे."

"आणि तिचे दात सगळ्या गावाच्या मोबाइलमध्ये! फोटो पुस आणि कुलूप बदल. मी येते बसवायला."

"नवं कोरं कुलूप आहे! फोटोवरून कुठे किल्ली बनते का?"

हे ऐकून आत्याला गप्प बसवणार कोण? "बनवून दाखवते. उद्या तू निघायच्या आत दार उघडलं, तर फोटो पुसायचा आणि कुलूप बदलायचं. नाही उघडलं तर तुझ्या कुलपाबद्दल मी जन्मात चकार शब्द काढणार नाही."

आत्या जन्मभर गप्प, ही लालूच साधीसुधी नव्हती. भाचीनं लगेच पैज लावली.

आत्यानं चष्मा पुसला, फोटो उतरवून घेतला आणि दोन बोटांनी मोठा केला. अजून मोठा केला. आणि काय! किल्लीचे दात गेले कुठे? नुसते चौकोनच चौकोन. चार खाचा म्हणाव्यात तर चार, सहा म्हणाव्यात तर सहा, आणि त्यातच भाचीच्या गालाचा एक चौकोन मिसळलेला. तरी बाईनं अंदाजपंचे कोरी किल्ली कानशीनं घासली आणि संध्याकाळी भाचीचं दार गाठलं. किल्ली आत शिरली, पण फिरेल तर शपथ! आत्यानं ढकलली, फुंकली, तिची समजूत काढली. कुलूप ढिम्म.

दाराआड भाची हसून हसून जमिनीवर बसली होती. "आत्या, ही ॲपं फोटो दाबून दाबून बारीक करतात गं! मूळ फोटो फक्त माझ्याकडे. घाबरायचं कारणच नाही."

आत्याचं तोंड एवढंसं झालं. घरी येऊन तिनं जेवायलाही नाही म्हटलं, आणि हे आजवर कधी घडलं नव्हतं. मुलगी आठवडाभर नसणार, दाराला ते कुलूप, आणि आपण तोंड उघडायचं नाही! तिचा जीव टांगणीला लागला.

इतक्यात घरच्या ग्रुपवर वहिनीचा निरोप आला. 'फोटो मोठा करून भिंतीवर लावायचाय, पण सगळा धुरकट येतोय. नीट पाठव ना गं.' लेक आईच्या शब्दाबाहेर नाही. तिनं मूळ फोटो, डॉक्युमेंट म्हणून, न दाबता, न चेपता, पाठवून दिला. ग्रुपमध्ये मावश्या, काका, त्यांचे जावई आणि कोण कोण.

आत्यानं बोटं फिरवली. दातन् दात मोत्यासारखा! ती खुर्चीतून अशी उडाली की चष्मा न शिवलेल्या आमटीच्या वाटीत पडला. तो तसाच नाकावर चढवून ती टपरीकडे धावली.

सकाळी भाची दात घासत बाहेर आली तर स्वयंपाकघरात आत्या चहा गाळत होती. किंकाळी तीन मजले ऐकू गेली.

"बस, साखर कमी घातलीय," आत्या म्हणाली. "फोटो पुस. ग्रुपवरचाही."

भाचीनं निमूट दोन्ही पुसले. आत्यानं कुलूप बदललं, नवी किल्ली तिच्या मुठीत कोंबली आणि तिला वाटेला लावलं. मग मात्र विजय तिच्या अंगात मावेना. टपरीवर येऊन तिनं घड्याळवाल्याला उठवलं, पैज जिंकलेली किल्ली गालाला लावली, डोळे मिटले. "काढ! आणि धुरकट नको हं, डॉक्युमेंट!" फोटो ग्रुपवर गेला. वहिनी: 'वन्सं, काय ते तेज!' दादा: 'माझी बहीण!'

पाठोपाठ बसमधून भाचीचा फोन.

"आत्या, फोटो सुरेख आलाय. अगदी स्वच्छ. तुझ्या मागे काय लटकतंय?"

आत्यानं मान वळवली. फळा. साऱ्या शेजाराच्या किल्ल्या, दातांसकट, चिठ्ठ्यांसकट.

"आता कुलूप कुणाकुणाचं बदलायचं गं?" भाचीनं विचारलं.

आत्यानं झटकन फोटो सगळ्यांसाठी पुसला. तेवढ्यात आठवलं, दादा! बहिणीचं कौतुक असलं की त्याला दम निघत नाही. स्क्रीनशॉट काढायचा आणि जगाला दाखवायचा, ही त्याची खोड. बघते तर काय, लावलाच होता स्टेटसला!

तिनं तो मोठा केला. अजून मोठा केला. फळ्याच्या जागी चौकोन, चिठ्ठ्यांच्या जागी चौकोन, आणि तिच्या स्वतःच्या चेहऱ्याचा पार लगदा झालेला.

"अगं बाई!" आत्या आनंदानं ओरडली, "किती छान दिसतेय मी!"

मग तिनं दादाला तेही पुसायला लावलं, आणि फळा भिंतीकडे तोंड करून उलटा टांगला.