साखळी उसाला, भंडारा पिनेला

दोन ट्रॉल्यांमधली साखळी मी माझ्या हातानं सोडली आणि मागच्या ट्रॉलीवरच्या उसाला आवळली. मूर्खपणा तो एवढाच. पण करताना आपण फार हुशार आहोत असंच वाटत होतं.

नव्वदच्या दशकातला तो एक गळीत हंगाम. निरवांगीच्या शिवारातून ऊस भरून मी ट्रॅक्टर कारखान्यावर न्यायचो. मागं दोन ट्रॉल्या, दोन्ही झेपेल त्याहून जास्त भरलेल्या. माझा स्वभाव संशयी. रस्त्याकडेला कुणी नुसतं डोकं खाजवत उभं असलं, तरी हा आता ऊस उपसणार असं मला वाटे. म्हणून साखळी काढली. ती असते कशाला, तर दोन ट्रॉल्या जोडणारी पिन निसटलीच तर मागची ट्रॉली मोकाट सुटू नये म्हणून. मी म्हटलं, पिन कशाला निसटतीय, चोर मात्र नक्की येणार.

पिन उडू नये म्हणून तिच्या खालच्या भोकात एक लोखंडी काटा घालतात. तो कुठंतरी पडला होता. त्याचाही संशय मी दुसऱ्या एका ड्रायव्हरवर घेऊन मोकळा झालो होतो. काट्याच्या जागी बिरोबाच्या देवळातून आणलेलं, भंडाऱ्यानं पिवळं झालेलं फडकं ओवलं, गाठ मारली आणि हात जोडले. आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती. ती गेली, ऊस आला, बिरोबा मात्र तोच राहिला. फडकं बांधलं ती मला भक्ती वाटली. खरं तर देवाला मी काट्याच्या जागी कामाला लावलं होतं.

एवढ्यावरही भरवसा नव्हता. म्हणून वडिलांना, म्हणजे तात्यांना, काठी देऊन मागच्या ट्रॉलीवर उसाच्या ढिगावर चढवलं.

"राखणीला बसवतूयास का बुजगावणं म्हनून?" तात्यांनी विचारलं.

"तात्या, तुमी नुसतं मागं बघा."

ते मागं बघत बसले. पिन त्यांच्या पुढच्या बाजूला होती.

गाव सोडताना शाळेपुढच्या गतिरोधकावर दोन्ही ट्रॉल्या धडधडल्या. कडेला लाल पटक्याचा एक मेंढका उभा होता. तो ट्रॉल्यांकडं बघून एकदम काठी हलवायला लागला. बारामतीच्या बाजारातून आणलेला टेप मी मोठ्यानं लावलेला, वर इंजिनाचा आवाज. त्याच्या ओरडण्यातला 'थांब' तेवढा ऐकू आला. झालं, मला सगळा डाव कळला. ह्यानं थांबवायचं आणि ह्याच्या साथीदारांनी मागून ऊस ओढायचा. मी वेग वाढवला. भरलेल्या ट्रॅक्टरचा वेग तो काय वाढणार. तो माणूस शेजारनं पळतच राहिला. तात्याही वरून हाका मारत होते, ते मला नंतर कळलं. पुढं रस्ता वळसा घेतो तिथं मेंढका रानात घुसला आणि दिसेनासा झाला. मी मनातल्या मनात मिशीवर ताव दिला.

वळण संपल्यावर रस्ता सरळ कालव्याच्या पुलाकडं उतरतो. उताराच्या तोंडाशी आलो तर रस्ताभर मेंढरं. काठापासून काठापर्यंत, डांबर दिसेना. मधोमध तोच लाल पटका, रानातनं आडवा येऊन आपला कळप रस्त्यावर घातलेला, धापा टाकत शिट्टी घालतोय. मी हॉर्न दाबला. मेंढरांनी माझ्याकडं पाहिलं आणि तिथंच उभी राहिली. जपून ब्रेक लावत ट्रॅक्टर सपाटीवरच थांबवला आणि खाली उतरलो, तो भांडायलाच.

"बाजूला घे तुजी मेंढरं. म्हाईत हाय मला तुमची टोळी."

त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आधी मागच्या ट्रॉलीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. मग म्हणाला, "हितं बघ आदी. टोळी मग मोज."

मी वाकून बघितलं. गतिरोधकाच्या दणक्यानं पिन उचकटून निम्म्याहून वर आली होती. खाली ते पिवळं फडकं फाटत फाटत शेवटच्या पदरावर तटतटलं होतं. ओढीचा ताण होता तोवर पिन दाबली गेली होती. उतार लागताच मागचं वजन पुढं रेटलं असतं, पिन सैल होऊन उडाली असती आणि मागची ट्रॉली एकटीच कालव्याकडं निघाली असती. मी वर पाहिलं. तात्या काठी धरून, मी सांगितलं होतं तसे, मागंच बघत होते.

"बिरोबानं धरलं," मी पुटपुटलो.

"धरलं की. पर देवानं चिंधीला किती लटकायचं? साखळी कुठं हाय?"

मी उसाकडं बोट केलं. तो साखळीकडं बराच वेळ बघत राहिला. त्यापेक्षा शिवी परवडली असती.

तात्यांना खाली उतरवलं. पिन ठोकून बसवली, काट्याच्या जागी जाड तारेचे वेढे दिले, साखळी तिच्या जागी लावली. जास्तीचा ऊस कडेला ओढून टाकला, तशी मेंढरं त्याच्या पाल्यावर तुटून पडली. आणि माझ्या मनात आलंच, अच्छा, म्हणजे डाव हा होता.

तो कोण होता, मला ठाऊक नाही. पुढं त्या रस्त्यानं कितीदा गेलो, पुन्हा दिसला नाही. पण मेंढकं एका जागी राहतंय कुठं? देव होता असं मी म्हणत नाही. मी ज्याला चोर म्हटलं त्यानं माझा बाप खाली उतरवून हातात दिला, एवढं मात्र खरं. मी देवावर सोपवलं ते माझं काम, आणि जी सोपवायला हवी होती ती धास्ती गच्च धरून बसलो. आता साखळी साखळीच्या जागी आणि भंडारा कपाळी. जमेल तेवढं भरतो, बाकी त्याच्यावर सोडतो. कुणी हात केला की थांबतो. बहुतेकांना पुढच्या गावापर्यंत यायचं असतं, तेवढंच.

त्या दिवशी निघताना तात्यांनी त्याला हात जोडले आणि म्हणाले, "पावनं, ह्याला बी घ्या तुमच्या कळपात. वळण तरी लागंल."

त्यानं मला खालवर न्याहाळलं.

"नगं आबा. मेंढरं एका शिट्टीत थांबत्यात."