टॉकीजचा एकुलता एक सिनेमा

१४ डिसेंबर. शिवरे गावातली खोली त्याच दिवशी रिकामी करायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भोरला माझी सोनोग्राफी होती. पोटात उजवीकडे काहीतरी हाताला लागत होते, आणि पुढे सवड मिळेलच याची खात्री नव्हती.

खोली माझ्या धाकट्या दिरांची. लोक त्यांना टॉकीज म्हणायचे. माणूस इतका आळशी की आयुष्यभर एकच सिनेमा पुरवला, आणि इतका बोलका की तो रोज नव्याने सांगितला.

हायवेलगतच्या याच खोलीत त्यांचे व्हिडिओ सेंटर होते. एक टीव्ही, एक व्हीसीआर आणि कुणीतरी विसरून गेलेली इंग्रजी कॅसेट. त्यात टीव्ही बघणाऱ्या एका माणसाच्या अंगावर गाठी उठतात, फुटतात, आणि आतून काच निघते. किळसवाणा प्रकार. पण वेल्ह्याकडून मेंढरे घेऊन उतरणारे लोक तोच मागायचे. भावजींना इंग्रजी ओ की ठो कळत नव्हते. हातात वेताची छडी घेऊन ते टीव्हीशेजारी उभे राहत आणि गोष्ट मराठीत सांगत. "आता बगा, पडद्यावर दिसतंय त्येच ह्याच्या अंगावर येतंय. बगितलंच न्हाई, तर काय बी व्हत न्हाई." सगळे मनाचे.

एकदा एक मेंढपाळ पाठ खाजवत परत आला. "टॉकीज, लई खाजतंय रं."

"म्या सांगितलं न्हवतं?"

"गोचीड आसंल मेंढराची."

"मग गोचिडीनं टीव्ही बगितला आसंल."

सगळे हसले, मेंढपाळसुद्धा. भावजी हसले नाहीत. आपल्याच थापेवर विश्वास ठेवणारा माणूस मी तो एकच पाहिला.

व्हीसीआर गेले, मोबाईल आले. माझ्या मुलीने तोच सिनेमा मोबाईलवर शोधून काढला, खाली अर्थाच्या ओळी असलेला. खरी गोष्ट उलटीच होती. त्या माणसाच्या अंगात गाठी आधीपासूनच असतात. टीव्ही त्याला त्या विसरायला लावतो. मी भावजींना समोर बसवून दाखवला. शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "वैनी, ही कॅसेट डुप्लिकेट हाय."

पुढे त्यांच्याच मानेवर गाठ आली. दोन महिने मफलर गुंडाळून फिरले. शेवटी मीच ओढत भोरला नेले. डॉक्टरीणबाईंनी मानेवर यंत्र फिरवले, पडदा त्यांच्याकडे वळवला, आणि हे महाशय टेबलावरून उतरून जेल शर्टाला पुसत बाहेर.

"पडद्यावर आली, म्हंजी आता झाली खरी."

"ती तुमच्या मानेवर हाय, भावजी. हात लावून बगा."

"मानेवर व्हती तवर नुसती गाठ व्हती."

मी त्यांना गाढव म्हटले. बाहेर बसलेल्या पेशंटांसमोर, मोठ्याने. ते म्हणाले, "गाढव तर गाढव, पर म्या परत तिथं बगणार न्हाई." खोलीवर येऊन आरसासुद्धा उलटा लावला आणि दाढी वाढवली. गाठ वेळेत काढली तर निघेल, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते. त्यांनी काढू दिली नाही. पुढची दिवाळी त्यांनी पाहिली नाही. इतक्या फालतू कारणाने माणूस मरतो याचा मला अजून राग येतो.

खोलीत फार काही निघाले नाही. टीव्ही भंगारवाल्याच्या टेम्पोत टाकला. कॅसेटला बुरशी आली होती, ती कचऱ्यात गेली. आरसा सरळ करून शेजारणीला दिला. छडी घरी आणली, मांजर हाकलायला बरी.

सकाळी उपाशीपोटी एसटीने भोरला गेले. डॉक्टरीणबाई त्याच. यंत्र पोटावर फिरवता फिरवता त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "ताई, इकडे बघा, हे इथे आहे."

"तुम्ही बघा आणि मला तोंडाने सांगा," मी म्हटले, आणि भिंतीकडे तोंड केले.

टेबलावरून मात्र उठले नाही.