चौथ्या नंबरचा खड्डा

चेंडू अडकावा म्हणून मैदानात मुद्दाम वाळूचे खड्डे करतात आणि ते सांभाळायला पगारी माणूस ठेवतात, हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. "बुजवून टाक ना मंग," ती म्हणायची. बल्लारपूरजवळच्या एका कॉलनीत छोटंसं गोल्फचं मैदान होतं आणि तिथला पगारी माणूस मी होतो.

या खड्ड्यांना बंकर म्हणतात. पावसाळ्यात आमच्या बंकरांत चार-चार दिवस पाणी साचायचं आणि वाळूचा रेंदा व्हायचा. त्या वर्षी नवे साहेब आले. म्हणाले, "यंदा पाणी साचलं तर नागपूरचा ठेकेदार आणतो. तो आपली माणसं घेऊन येईल." म्हणजे मैदानावर राबणारी बाईंची टोळी घरी. बाई मूल तालुक्यातल्या धानाच्या गावची लेक. हाताखाली सहा जणी. मैदानावर हिरवं म्हणून जे होतं, ते त्यांच्याच जिवावर. खात्री मलाही नव्हती, पण तोंड कुठे ऐकतंय? "एक थेंब थांबणार नाही, साहेब," मी छातीठोकपणे सांगितलं.

सगळ्यात वाईट तो चौथा खड्डा, म्हणून त्याच्यापासून सुरुवात केली. वाळू उपसली, चर खणला, भोकांचा पाइप टाकून त्याचं तोंड बाहेर उतारावर काढलं, वर गिट्टी पसरली. आता फक्त तळ सारखा करून चाळलेली वाळू भरायची होती. तळाचं काम बाईंवर सोपवून ती वाळू आणायला मी एक दिवस चंद्रपूरला गेलो. परत येऊन बघतो तर तळ नुसता गुळगुळीत! पाणी टाकून, माती तुडवून, गिट्टीसकट लिपलेला, कुठे एक भेग नाही. मी हात फिरवला आणि म्हणालो, "वा, बाई!" मीही धानवाल्याचाच पोरगा.

वाळू भरली आणि तिसऱ्या दिवशी तासभर झोडपून पाऊस झाला. साहेब छत्री घेऊन आले. खड्ड्यात तळं झालं होतं आणि तळ्यात एक बगळा उभा होता. साहेबांनी आधी बगळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "रविवारी परत बघतो," एवढंच बोलून ते गेले.

मी तापट माणूस. तसाच बाईंवर धावून गेलो. "बाई, हे लिपलं काऊन?"

"पानी गळू नाई म्हनून!" त्या ठसक्यात म्हणाल्या आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला. बाकीच्या जणी खो-खो हसत सुटल्या. "जल्मभर धानाच्या बांधीत पानी धरून ठेवाले शिकलो, भाऊ. सोडाले कोन शिकवलं? अन् तूही तं 'वा, बाई' म्हटलं!"

माझाही राग हसण्यातच गेला.

दुसऱ्या दिवशी वाळू पुन्हा उपसली. बाई अनवाणी खड्ड्यात उतरल्या आणि पायाने चाचपत फिरल्या. "पानी इथी येऊन राह्यलं. तुहा पाइप तं तिथी आहे." मी बादली ओतून पाहिली. पाणी बाईंच्या पायाशी आलं. मी माझी उतार मोजायची लेव्हलची नळी गुपचूप गुंडाळून ठेवली. लिंपण खरवडून गिट्टी मोकळी केली, बाईंनी दाखवलं तिथपर्यंत नवा चर नेला. वाळू भरून होईपर्यंत शनिवार उजाडला.

रविवारी सकाळी धो-धो पाऊस झाला. पाऊस उघडल्यावर साहेब आले. वाळू ओली होती, पण पाणी कुठेच नव्हतं. त्यांनी स्वतः चेंडू टाकून मारला, तो अलगद उडून हिरवळीवर पडला. "बाकीचे खड्डे असेच करा," ते म्हणाले. "आणि बाईंच्या टोळीकडूनच."

मी पळतच बाईंना सांगायला गेलो. त्या उतारावर, पाइपच्या तोंडाशी बसल्या होत्या. माझं ऐकून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. माझेही डोळे भरून आले, उगाच खोटं कशाला बोलू? मग नाक पुसून त्या म्हणाल्या, "केवढं पानी वाया जाऊन राह्यलं, भाऊ."

आठवड्याने साहेब त्या बाजूने जाताना थांबले. पाइपच्या तोंडाशी वीतभर उंचीची मातीची पाळ घातलेली होती आणि आत खाटेएवढ्या जागेत हिरवी रोपं ओळीने लावलेली होती.

"हे कसलं गवत वाढवलंय?"

"धान आहे, साहेब," मी म्हणालो. "दिवाळीपर्यंत राहू द्या. कापायला बाई आहेतच."