पेपरातला दिलीप

आजच्या पेपरात एड्स जनजागृती फेरीचा फोटो आहे. खाली प्रत्येकाचे नाव अदबीने छापले आहे. ते वाचताना भडगावच्या आमच्या किराणा दुकानातली बऱ्याच वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली.

सखूअक्का शेजारी राहायच्या. त्यांचा दिलीप धुळ्यात समलिंगी पुरुषांमध्ये एड्सबद्दल काम करायचा. त्यांच्या मोर्चाचा फोटो केळीच्या भावांशेजारी छापून आला होता आणि त्यात दिलीप सगळ्यांत पुढे होता. अक्कांना वाचता येत नव्हते. पोराचा फोटो पेपरात आला की आमच्याकडे पेढे वाटतात, तशा त्या पेपर आणि डबा घेऊन दुकानात आल्या होत्या.

"नाना, मना दिलीप पेपरमा उना! काय लिखेल शे?"

माझ्या वडिलांनी मथळा पाहिला. 'विकृतांचा भररस्त्यात तमाशा' असा तो होता. ते म्हणाले, "चांगलं काम करतो, असं लिहिलंय अक्का."

एक गिऱ्हाईक हसले. "खरं वाचा ना, नाना! रोग वाटत फिरतात, असं छापलंय." त्याने पेढ्यासाठी पुढे केलेला हात मागे घेतला. बाकीच्यांनीही पेढा घेतला नाही. दुकानात वेलचीचा वास तेवढा भरून राहिला. वडिलांनी एक पेढा उचलून सगळ्यांसमोर खाल्ला.

अक्कांनी पेपर डोळ्यांजवळ नेला. अपमानाने तोंड लपवताहेत, असे मला तेव्हा वाटले. आज मीही बाप आहे. अपमान त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. 'रोग' हा शब्द ऐकून त्या पोराचे गाल पाहत होत्या.

"नाना," त्या हळूच म्हणाल्या, "तो बारीक दिखस ना?"